अठरा आणि तेहतीसचा पूर्वज

६ जानेवारी २०२५, सोमवार

तुबा आज उत्तरपत्रिकेची झेरॉक्स घेऊन आली. द्वितीय वर्षाची मुलगी. अचलपूरहून रोज एसटीने अमरावतीला येते, तिसऱ्या बाकावर बसते आणि सहसा तोंड उघडत नाही. माझ्या विषयात, डेटा स्ट्रक्चरमध्ये, सदतीस गुण. पास व्हायला चाळीस लागतात. तिने प्रश्न चार ‘ब’वर बोट ठेवलं आणि म्हणाली, "मॅडम, हे चूक कसं?"

प्रश्न मीच काढलेला. बायनरी सर्च ट्री, म्हणजे उलटं झाड, मूळ सर्वांत वर. लहान आकडा डावीकडे, मोठा उजवीकडे, हा एकच नियम. वर चाळीस. चाळीसच्या डावीकडे अठरा. अठराच्या उजवीकडे सत्तावीस, सत्तावीसच्या उजवीकडे तेहतीस. विचारलं होतं, अठरा आणि तेहतीस यांचा सर्वांत जवळचा सामाईक पूर्वज कोणता? तुबाने लिहिलं, अठरा. मी लाल पेनाने काट मारून शेजारी चाळीस लिहिलेलं.

मी म्हटलं, "अठरा तर त्या दोघांपैकीच एक आहे. तो स्वतःचाच पूर्वज कसा होईल? एक पायरी वर जायचं."

"पण मॅडम, वरून खाली येताना दोन्ही आकडे एकाच बाजूला असतील तोवरच आपण उतरतो. अठरापाशी आलो की थांबतो. मग परत वर कशाला चढायचं?"

"नोट्स वाच," मी म्हटलं.

"वाचल्या मॅडम. पटलं नव्हतं, पण परीक्षेआधी विचारायचं धाडस झालं नाही. हे मी मोबाइलवर पाहिलं."

ती उद्धटपणे बोलत नव्हती. उलट घाबरलेली होती. वीस तारखेला उन्हाळी इंटर्नशिपची यादी पुण्याला जाणार, त्यात सगळे विषय सुटलेल्यांचीच नावं असतील. तिला तीन गुण हवेत, प्रश्न चार गुणांचा आहे. मी तिला "बघते" म्हणून परत पाठवलं. "नोट्स वाच" हे मात्र दिवसभर टोचत राहिलं. ज्याच्याकडे उत्तर नसतं तो असं बोलतो.

७ जानेवारी, मंगळवार

लायब्ररीत तीन पुस्तकं काढून बसले. तिन्हींत तेच. नोड, म्हणजे झाडातला प्रत्येक आकडा, स्वतःचाही पूर्वज मानतात. अठरा आणि तेहतीसचं उत्तर अठराच. तुबा बरोबर आहे.

माझ्या नोट्समध्ये शेवटी एक ओळ आहे: "थांबलेला नोड त्या दोहोंपैकीच एक असल्यास एक पायरी वर जावे." ही ओळ कुठल्याच पुस्तकात नाही. मी ती चौदा वर्षं शिकवते आहे.

यंदा आणखी अकरा जणांनी अठरा लिहिलं होतं आणि मी अकराही जणांचे गुण कापले. त्यातले तीन नापास आहेत. तुबा धरून चार.

विभागप्रमुख अनुप सरांकडे गेले. ते माझ्याहून सहा वर्षांनी लहान, फार सभ्य. म्हणाले, "मॅडम, निकाल बदलता येईल, पण लेखी स्पष्टीकरण लागेल. चूक काय झाली आणि कुठून आली."

चूक काय झाली ते दोन ओळींचं काम आहे. कुठून आली तेही मला माहीत आहे. देवमन सरांच्या नोट्समधून. पण ते लिहायला हात धजत नाही.

सुगतना सांगितलं. नवरा म्हणून ते धीर देतील असं वाटलं होतं. जेवता जेवता म्हणाले, "चौदा वर्षं कोणालाच कळलं नाही म्हणतेस, मग एवढी मोठी चूक नसेल." मी ताट उचलून उठले.

९ जानेवारी, गुरुवार

माळ्यावरून जुन्या नोट्सचा गठ्ठा काढला. कडा पिवळ्या पडल्यात. मुखपृष्ठावर स्केचपेनने, नक्षी काढून, ‘देवमन सरांच्या नोट्स’. ती नक्षी गफ्फारची, अब्दुल गफ्फारची. आता त्याचं अकोल्याला विहिरीच्या पंपांचं दुकान आहे. तेव्हा आमच्या वर्गाचा रोल नंबर तेहतीस.

१९९८ सालचा हिवाळा. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. कॉलेजात सात कॉम्प्युटर होते, त्यातले चार चालायचे. लॅबबाहेर चपला काढून, पाय पुसून आत जायचं. आत एसीचा एक वेगळाच वास असायचा, अजून कुठे तसा वास आला की मी एकोणीस वर्षांची होते. आठवड्यात अर्धा तास मशीन हाताला लागायचं. सर म्हणायचे, "मशीन कमी हायेत, तुमी जास्त. मंग तुमीच मशीन व्हा." आणि सगळा वर्ग ग्राउंडवर न्यायचे.

चुन्याच्या फक्कीने जमिनीवर रेघा आखायचे. प्रत्येकाने आपला रोल नंबर हाच आपला आकडा समजायचा. जो आधी पोचला तो मूळ. श्याम, चाळीस नंबर, नेहमी पहिला पळायचा म्हणून तो सर्वांत वर. मी अठरा, त्याच्या डावीकडे. माझ्याखाली दुर्गा, सत्तावीस. गफ्फार कँटीनमधून उशिरा यायचा म्हणून पार खाली. "सर, मी काय जनमभर बुडालेच राहू काय?" असं तो ओरडायचा. सर म्हणायचे, "लवकर येत जा, वर जाशील." मोठा आकडा वर आणि लहान खाली असं काही नाही, आधी कोण आलं यावर झाडाचा आकार ठरतो, हे मला त्या ग्राउंडवर जितकं कळलं तितकं पुढे एम.सी.ए.ला कुठल्याही पुस्तकातून कळलं नाही.

सर भरभर बोलायचे, पुस्तक कोणाकडेच नव्हतं. म्हणून आमच्यात पद्धत होती: सगळ्यांच्या रफ वह्या माझ्याकडे यायच्या, मी त्यांवरून एक फेअर वही करायची, आणि गेटसमोरच्या दुकानात तिच्या झेरॉक्स निघायच्या. अक्षर चांगलं म्हणून हे काम माझ्याकडे. इतरांच्या रफमधल्या चुका मी फेअर करताना दुरुस्त करत असे आणि मला त्याचा थोडा तोरा होता, हे कबूल करते. त्या झेरॉक्स पुढच्या वर्गांनी घेतल्या, मग अकोल्याला गेल्या, वाशिमला, यवतमाळला. सगळीकडे माझं अक्षर आणि सरांचं नाव.

त्याच हिवाळ्यात थोरल्या बहिणीचं लग्न झालं, तेल्हाऱ्याला. लग्नासाठी म्हणून वडिलांनी मला नवा चष्मा करून दिला, जाड काळ्या काडीचा. परत कॉलेजला आले तर सगळा वर्ग मला ‘आजी’ म्हणायला लागलेला. सर्वांत पुढे गफ्फार. "आजी, पाया पडतो." मी होस्टेलवर जाऊन रडले होते. पुढच्या वर्षी फ्रेम बदलली, नाव बदललं नाही. अजूनही तो फोनवर आजीच म्हणतो. आता आवडतं. हे नाव उच्चारणारी माणसं आता दहासुद्धा उरली नसतील.

११ जानेवारी, शनिवार

स्पष्टीकरणाचा कच्चा मसुदा केला. "ही चूक माझे गुरू प्रा. देवमन यांच्या नोट्समधून आलेली आहे." हे वाक्य तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. वरवर पाहता खरं आहे. पण सर ऐंशी वर्षांचे आहेत आणि पुढच्या रविवारी, एकोणीसला, अकोल्याला त्यांचा सत्कार आहे. जुने विद्यार्थी करताहेत. भाषणं दोनच, गफ्फारचं आणि माझं.

मग वाटलं, ओळ सरांचीच कशावरून? माझ्या प्रतीतच काही घोळ असेल. म्हणून दुर्गाला फोन केला. ती अकोल्याला पॉलिटेक्निकमध्ये हाच विषय शिकवते.

"दुर्गा, अठरा आणि तेहतीस. उत्तर काय सांगतेस?"

"चाळीस. एक पायरी वर. काहून व?"

"कशावरून?"

"अवं, सरायच्या नोट्समधे हाय ना! तूच विचारून राहिली?"

म्हणजे शहरं दोन, कॉलेजं दोन, शिकवणाऱ्या दोघी, आणि ओळ तीच. पद्धतशीर विचार केला तर उत्तर सरळ आहे. दुर्गापासून वर जा, माझ्यापासून वर जा, जिथे दोन्ही वाटा मिळतात तिथे सर उभे आहेत. वाईट वाटलं, पण शंका मिटली.

मात्र त्यांना न विचारता त्यांचं नाव लिहिणार नाही. उद्या अकोल्याला जाते.

१२ जानेवारी, रविवार

सकाळची बस. मूर्तिजापूरला थांबल्यावर खिडकीतून तुरीच्या शेंगांच्या टोपल्या दिसल्या. जठारपेठेत सरांच्या घरी पोचले तर तेही ओसरीवर तुरीच्या शेंगाच सोलत बसलेले. कान टोपीत, पाय उन्हात.

"ये व ललिता. बैस. हे घे, सोल." माझ्यापुढे अर्धा ढीग सरकवला. सुनेने चहा आणला. मी कितीतरी वेळ नुसती सोलत राहिले. सोललेले दाणे एका ताटलीत, किडके बाजूला. पूर्वी त्यांच्या तासाला बसायचे तशी बसले होते, पाठ ताठ.

शेवटी सगळं सांगितलं. तुबा, चार गुण, स्पष्टीकरण. नोट्सचं पान पुढे केलं. सरांनी भिंग लावून ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली.

"हे अक्षर तं तुहं होय."

"हो सर. तुम्ही सांगायचे, मी उतरवायची."

"अन् ही ओळ मी सांगतली?"

"नोट्समध्ये आहे सर."

"हाव, नोट्समधे तं हाय." भिंग त्यांनी हळूच बाजूला ठेवलं. "मले वाटत नाही मी असं सांगतलं असंन. असं कसं सांगन मी?" मग म्हणाले, "त्या तासाले तू व्हती ना व ग्राउंडवर?"

"मी तुमचा एकही तास चुकवला नाही सर."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला त्यांच्या डोळ्यांत बघवेना. इतकी वर्षं ज्यांचा शब्द आम्ही प्रमाण मानला, त्यांना स्वतःचंच शिकवणं आठवू नये. मग ते हसले आणि शेंगांकडे वळले.

"बरं. मंग लिहून टाक माहं नाव. मले आता कोनती परीक्षा द्याची हाय? त्या पोरीचं साल नको जायाले."

निघताना सोल्यांची, सोललेल्या तुरीच्या दाण्यांची, पिशवी हातात दिली. "सुगतले सोलेभात करून घाल." बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. सरांनी मोठ्या मनाने चूक पदरात घेतली असं वाटत होतं, आणि तरी मी त्यांच्याकडून काही हिसकावून आणलं आहे असंही वाटत होतं. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं, कळत नाही.

१३ जानेवारी, सोमवार

स्पष्टीकरण दिलं. ते वाक्य जसंच्या तसं ठेवलं. पुढे जोडलं: "सदर बाब त्यांना दाखवली असता त्यांनी नाव नमूद करण्यास हरकत घेतलेली नाही."

हे जोडवाक्य खरं आहे. मग ते लिहिताना लाज का वाटली?

१६ जानेवारी, गुरुवार

सुधारित निकाल लागला. बाराही जणांना चार-चार गुण, नापासांपैकी चौघेही सुटले. तुबा एकेचाळीस. ती येऊन म्हणाली, "मॅडम, अम्मीने तुमच्यासाठी दुआ केली." मी म्हटलं, "तुझं तुलाच मिळालं, मी काही दिलं नाही." तिला वाटलं मी विनयाने बोलतेय.

१८ जानेवारी, शनिवार

अनुप सरांनी बोलावून एक पत्रक दाखवलं. अमरावती विभागातल्या चार कॉलेजांना. "‘देवमन सरांच्या नोट्स’ या नावाने प्रचलित साहित्य सदोष आढळल्याने अध्यापनासाठी वापरू नये."

मी विचारलं, "सोमवारपर्यंत थांबता येईल का? उद्या त्यांचा सत्कार आहे."

"अरे! मॅडम, मेल सकाळीच गेला. तुमच्या स्पष्टीकरणावरूनच केलं ना."

चार कॉलेजं. त्यांतली दोन अकोल्याची. एकतीस वर्षं ज्या माणसाने शिकवलं, त्याच्या नावापुढे आता ‘सदोष’. आणि उद्या मी माइकसमोर उभी राहून सांगणार की सरांनी आम्हाला अचूकपणा शिकवला.

१९ जानेवारी, रविवार. परतीच्या बसमध्ये

अक्षर हलतंय, हलू दे. घरी गेल्यावर मी हे मऊ करून लिहीन, म्हणून आत्ताच.

हॉल भरला होता. साठेक माणसं, अर्धी टक्कल पडलेली. सरांना खुर्चीवर बसवून शाल दिली. मग गफ्फार उठला. त्याने कागद आणला नव्हता.

"मले कॉम्प्युटर काही आला नाही," तो म्हणाला. "आता पंप विकतो. सरांचा मी सगळ्यांत बेकार विद्यार्थी, पूछो किसीसे भी. पन एक तास मले याद हाय, अन् तो मरेपरेंत याद राहीन. त्या दिवशी आजी नव्हती. म्हंजे तवा थे आजी नव्हतीच, ललिता व्हती. बहिनीच्या लग्नाले तेल्हाऱ्याले गेलती. तं सरांनी काय केलं? हापिसातून एक खुर्ची आनली अन् ग्राउंडवर तिच्या जागी, अठरा नंबरवर, ठेवून देली. अन् मले विचारते, गफ्फार, तू तेहतीस. तुह्या अन् अठराचा जवळचा पूर्वज कोन? मी श्यामकडे बोट केलं. चाळीस! सर म्हने, काहून रे, मधातली खुर्ची दिसत नाही तुले? मी म्हनलं, सर, थे तं आमच्यातलीच हाय, थे कशी पूर्वज? सर म्हने, असते. आपल्यासोबतचंच एखादं मानूस आपल्या वर असते. जा, खुर्चीच्या पाया पड. अन् मी पडलो, भाऊ! सगळ्या पोट्ट्यांसमोर, खुर्चीच्या! तवापासून थे माही आजी."

हॉल हसून लोटपोट. श्याम टाळ्या पिटत होता. दुर्गा माझ्या खांद्यावर पडून हसत होती. मीही हसले. इतकी वर्षं मी त्या चष्म्याला दोषी धरलं होतं! चष्म्याचा काही संबंधच नव्हता. किती गोड वाटलं ते, क्षणभर.

मग सरांकडे लक्ष गेलं. ते हसत नव्हते. माझ्याकडेच बघत होते. अठरा आणि तेहतीसचं उत्तर सरांनी सगळ्या वर्गासमोर खुर्चीवर हात ठेवून सांगितलं होतं. मी तिथे नव्हते.

आणि मग आठवलं, आठवलं म्हणजे दिसलंच. होस्टेलची खोली. तेल्हाऱ्याहून आलेली लाडवांची पिशवी. समोर दुर्गाची रफ वही, तिच्यात वाकड्या अक्षरांत ‘१८ आणि ३३ → १८’. मला वाटलं, धांदरट दुर्गा. स्वतःचा पूर्वज कोणी असतो का? मी तिचं उत्तर खोडून फेअरमध्ये चाळीस लिहिलं. मग मला दिसलं की पद्धतीप्रमाणे चाळीस येत नाही. तर ते यावं म्हणून मी एक ओळ रचली. एक पायरी वर जावे. नीट, सुवाच्य, खाली पट्टीने रेघ मारून.

दुर्गाने पुढे स्वतःच्या बरोबर वहीऐवजी माझी झेरॉक्स वापरली. दुर्गा आणि मी, दोघींच्या वर सर, असं मी लिहून दिलंय. दुर्गाच्या वर तर मीच होते.

पुढचं लिहायची हिंमत होत नाही, पण लिहिते. माझं नाव पुकारलं. मी माइकपाशी गेले. सांगता आलं असतं. साठ माणसं होती, गफ्फारने जमीन भुसभुशीत करून ठेवली होती, लोकांनी हसून घेतलं असतं. मी घरून आणलेला कागद काढला आणि वाचला. ‘अचूकपणा’ हा शब्द त्यात दोनदा होता. दोन्ही वेळा वाचला.

नंतर पाया पडताना म्हटलं, "सर, मी–"

"आज नाही. आज माहा सत्कार हाय," सर म्हणाले. "लोक जेवाचे हायेत. चाल."

२० जानेवारी, सोमवार

अनुप सरांना सगळं सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले. "मॅडम, चला, दुरुस्तीपत्रक काढू. पण तुमचं नाव कशाला? ‘नोट्स उतरवून घेताना झालेली चूक’ एवढं पुरे. कोणी उतरवलं ते कोण विचारतंय?"

निदान मिनिटभर मला ते वाक्य फार आवडलं. खोटं नव्हतं. उतरवतानाच झाली. ‘झाली’ हे क्रियापद किती सोयीचं आहे, त्याला कर्ता लागतच नाही.

मी म्हटलं, "उतरवताना झाली नाही सर. उतरवलेलं बरोबर होतं. मी ते बदललं."

पत्र मीच लिहिलं: "वादग्रस्त ओळ प्रा. देवमन यांची नाही. त्यांनी योग्य उत्तर शिकवले होते. त्या तासाला मी गैरहजर होते. फेअर प्रत करताना सहाध्यायिनीचे बरोबर उत्तर मला चूक वाटले, म्हणून मी ते बदलले व ती ओळ स्वतःच्या मनाने घातली. दि. १३ रोजी मी त्यांचे नाव चुकीने दिले. त्या नोट्सवर त्यांचे नाव असले तरी ही ओळ माझी आहे." खाली सही, पूर्ण नाव, पद.

चारही कॉलेजांना संध्याकाळी मेल गेला. मी शेजारी उभी राहून पाहिला. पुढचं वर्षभर पेपर काढण्याचं काम माझ्याकडे नसेल. नियमच तसा आहे आणि योग्य आहे.

जुन्या उत्तरपत्रिका तीन वर्षांपर्यंतच ठेवतात. त्यात सव्वीस जण सापडले, सात नापास झालेले. यादी दिली. त्याआधीच्या अकरा वर्षांचं काय, याला कोणाकडे उत्तर नाही. निदान माझ्याकडे तरी असायला हवं होतं.

सुगतना सांगितलं. म्हणाले, "त्या दिवशी मी म्हटलं ना, मोठी चूक नसेल. ते मागे घेतो." मला रडू आलं आणि बरंही वाटलं.

२३ जानेवारी, गुरुवार

दुपारी सरांचा फोन. मोठ्याने बोलतात, मोबाइल कानापासून दूर धरावा लागतो.

"ललिता, दुर्गा आलती. तिनं तुहं पत्र वाचून दाखवलं."

"सर, माझं चुकलं."

"थे तं पत्रात हायच. पुन्हा कायले सांगतं?"

मग मी विचारलंच. "त्या रविवारी शेंगा सोलताना तुम्हाला कळलं होतं ना?"

"हाव. खुर्ची मीच उचलून आनली व्हती, मले याद नाही राहीन काय?"

"मग बोलला का नाहीत? तुमचं नाव गेलं सर. चार कॉलेजांत."

"मी बोललो असतो तं तू लगेच मानलं असतं. मी म्हनतो म्हनून पोरीयनं मानायची मले हौस नाही. अन् माह्या नावाचं काय? थे झेरॉक्सवर गफ्फारनं लिहिलं व्हतं, मी थोडीच लिहिलं." ते खोकले, पाणी प्यायले, मला घोट ऐकू आला. "आता एक सांग. दुर्गाचं उत्तर बरोबर व्हतं. तू हुशार पोरगी. काहून बदललं?"

सव्वीस वर्षांनी सर मला तोंडी परीक्षेला उभं करत होते. मी हॉलमधून उठून गॅलरीत गेले. खाली संत्र्यांची हातगाडी उभी होती.

"मला वाटलं सर, ज्याच्यापासून दोघं निघाले तो दोघांपेक्षा वेगळाच असणार. वरचा. आपल्यातलाच एक असेल हे मनाला पटेना."

"अं." पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. "असंच वाटते. पह्यल्यांदा साऱ्यायले असंच वाटते. गफ्फारलेबी वाटलं, म्हनून तं थो श्यामकडे बोट दाखवत व्हता. पन थो बोट दाखवून मोकया झाला, अन् मंग त्याले खुर्ची दिसली. तू कोनाले न विचारता पान फेअर केलं."

"हो सर."

"मंग हेच सांग पोरायले. बरोबर उत्तर तं त्यायले मोबाइलवर भेटते."

फोन ठेवला त्यांनी. नेहमीसारखा, अच्छा वगैरे काही न म्हणता.

उद्या साडेदहाला द्वितीय वर्षाचा तास. फळ्यावर झाड काढीन, आकडे मांडीन, आणि त्याखाली ती ओळ लिहीन, एक पायरी वर जावे, नीट, सुवाच्य. ही मी लिहिली होती आणि मला ती अगदी खरी वाटली होती, असं सांगीन. मग खडू टेबलावर ठेवीन, आणि कोणीतरी ती ओळ खोडायला उठून येईपर्यंत वाट पाहीन.